मागच्या काचेचा मालक

माणसाच्या हातून आजवर जेवढी थोर कामं झाली, त्यात वाटणीएवढं थोर काम दुसरं नाही. वाटणी झाली म्हणून राज्यं झाली, राज्यं झाली म्हणून शिवा आखल्या गेल्या, आणि आपलं कुठं संपतं व परक्याचं कुठं सुरू होतं हे माणसाला प्रथमच कळलं. यालाच संस्कृती म्हणतात. पिशोरच्या पंचांनी हे सगळं मनात धरून तात्यासाहेबांच्या दोन मुलांची वाटणी केली. रान झालं, विहीर झाली, बैल झाले, पितळेची भांडी झाली. ऐन जेवणाच्या वेळेला एक अँबेसिडर मोटार उरली, आणि संस्कृती तिथं अडकून बसली.

ही मोटार तात्यासाहेबांनी सरकारी लिलावात घेतली होती. सरकारनं मोटार दिली पण वरचा लाल दिवा काढून ठेवला, त्यामुळं टपाला भोक पडलं होतं. त्या भोकावर तात्यासाहेबांनी डांबर लावून एक पितळी वाटी पालथी घातली होती. लांबून बघणाऱ्याला देऊळ येतंय असं वाटायचं.

तात्यासाहेब गेले. मोटार थोरल्या नानासाहेबांना हवी होती. धाकट्या बद्रीनाथलाही हवी होती. विकायला दोघांचाही नकार होता, कारण विकली तर ती दुसऱ्याच्या हातून गेल्याचं समाधान मिळालं असतं, पण आपल्याकडं आल्याचं मिळालं नसतं.

मुख्य पंच काकासाहेब. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. निजामाचं राज्य आपल्या डोळ्यांदेखत गेलं, एवढ्या एका अनुभवाच्या जोरावर ते गेली चाळीसेक वर्षं गावात न्याय करत होते. त्यांनी मोटारीला एक फेरी मारली, टपावरच्या वाटीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "हुभी चिरली तर कोनालाच चालवता यायची नाय. आडवी वाटू."

मोटार आडवी वाटली गेली. पुढच्या सीटची पाठ ही शीव. तिच्या पुढचं सगळं, म्हणजे स्टेअरिंग, इंजिन, हॉर्न आणि दोन्ही दिवे, थोरला म्हणून नानासाहेबांना. तिच्या मागचं सगळं, म्हणजे मागचं सीट, मागची दोन दारं, डिकी, स्टेपनी आणि मागची काच, बद्रीनाथला. टप वाटीसकट सामाईक. पंच जेवायला बसले.

जेवण जिरल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं, की इंजिन पुढं आहे पण पेट्रोलची टाकी मागं आहे. म्हणजे बद्रीनाथच्या टाकीशिवाय नानासाहेबांचं इंजिन हलणार नाही आणि नानासाहेबांच्या इंजिनाशिवाय बद्रीनाथची टाकी कुठं जाणार नाही. काकासाहेबांची ही दूरदृष्टी बघून गाव थक्क झालं. सगळ्यांत जास्त थक्क काकासाहेब झाले, पण ते त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

त्या दिवसापासून दोघं भाऊ एकाच मोटारीतून जात होते आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते. बोलायचंच झालं तर तिसऱ्या माणसाला सांगत. तिसरा माणूस नसला तर मोटारीला सांगत.

या वाटणीत नानासाहेबांना एक गोष्ट आतून कुरतडत होती. ती त्यांनी बायकोला, वच्छलाबाईलासुद्धा धड सांगितली नव्हती. ते पुढं बसून गाडी हाकत आणि बद्रीनाथ मागं रेलून बसे. त्यामुळं ओळख नसलेला जो भेटे, तो बद्रीनाथला रामराम करी आणि नानासाहेबांना विचारी, "ड्रायव्हर, साहेब कुठले?" कन्नडच्या बाजारात एकदा एका चहावाल्यानं मागं काचेच्या पेल्यातून चहा दिला आणि पुढं फुटक्या कपातून. तात्यासाहेब होते तेव्हाही गाडी नानासाहेबच चालवत आणि तात्यासाहेब मागं बसत. नानासाहेब त्या मागच्या सीटवर जन्मात बसले नव्हते. त्यांच्या वाटणीला मोटारीचा मोठा, महागाचा, आवाज करणारा भाग आला होता. मालकी मात्र मागच्या बाजूला राहून गेली होती.

अशात माघातल्या एका सकाळी मागची काच फुटली.

मोटार गोठ्याशेजारच्या छपरात उभी असायची. छपरात ती निम्मीच मावे. पुढचा भाग छपराखाली आणि मागचा उघड्यावर. छप्पर नानासाहेबांचं असल्यानं हे रीतसरच होतं. उघड्यावर कवठाचं झाड होतं, तेही नानासाहेबांच्या वाटणीचं. त्या झाडाचं एक भरभक्कम कवठ वरच्या फांदीवरून सुटलं आणि मागच्या काचेवर आलं. काचेचा साबुदाणा झाला. सगळं मागचं सीट त्या साबुदाण्यानं भरून गेलं, आणि त्याच्या मधोमध कवठ एखाद्या पाहुण्यासारखं बसून राहिलं.

पारावर पंच बसले.

"काकासाहेब," बद्रीनाथ म्हणाला, "याच्या कवठानं माझी काच फोडली. इचारा त्याला."

"काकासाहेब," नानासाहेब म्हणाले, "कवठ माझंच होतं ना? मग इचारा त्याला, कुठंय? माझं मला परत दे म्हणावं."

कवठ परत देण्याच्या अवस्थेत नव्हतं. बद्रीनाथच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, ते गूळ घालून वाटलं होतं.

"पुरावा खाल्ला!" नानासाहेब पारावरून गरजले. "चटणी करून खाल्ला!"

"कसली चटणी?" द्वारकाबाई बायकांच्या घोळक्यातून म्हणाली. "आंबट ढ्याण निघालं. यांच्या घरचं कवठसुदिक धड नाय."

काकासाहेबांनी हात वर केला. त्यांना परवा लासूर स्टेशनला पुतण्यासाठी पोरगी बघायला याच मोटारीतून जायचं होतं, आणि मानेवर मागून वारा लागला की त्यांना पडसं होत असे. ही बाब न्यायाच्या बाहेरची होती, म्हणून त्यांनी ती बोलून दाखवली नाही.

"कवठ झाडाला होतं तवर नानाचं," ते म्हणाले. "सुटल्यावर ते देवाचं. देवावर फिर्याद घेत नाय मी. आता ऐका. ज्याचा भाग, त्यानं राखायचा. बद्री, उद्या दिवेलागणीच्या आत नवी काच बसवून गाडी इथं पारापुढं आली पायजे. नाय आली, तर तुला मागचा भाग सांभाळता येत नाय असं धरून तो नानाचा."

नानासाहेब बसल्या जागी जरा मागं रेलले.

"आन् नाना, गाडी तू न्यायची. पुढच्याच्या पायी खोळंबा झाला, तर पुढचा भाग बद्रीचा."

"त्याला चालवता कुठं येती?" नानासाहेब म्हणाले.

"शिकंल. तुला बी पोटातून येत नव्हती."

त्या रात्री भाकरी मोडता मोडता नानासाहेब वच्छलाबाईला म्हणाले, "उद्या सांजच्याला मी मागं बसनार."

"आन् चालवनार कोन?"

याचा त्यांनी विचार केला नव्हता. मालकानं असले विचार करायचे नसतात, असं म्हणून त्यांनी पाणी मागितलं.

सकाळी काकासाहेब साक्षीला म्हणून पुढच्या सीटवर नानासाहेबांच्या शेजारी येऊन बसले. त्यांचा देह असा होता, की ते बसले की दार लागायला थोडा वेळ लागे. बद्रीनाथनं मागच्या सीटवरचा साबुदाणा झाडून एक घोंगडी अंथरली आणि डोक्याला उपरणं गुंडाळून बसला.

पिशोरहून औरंगाबादला फुलंब्रीवरून सरळ रस्ता आहे. नानासाहेबांनी गाडी कन्नडकडं वळवली.

"काकासाहेब," मागून आवाज आला, "याला इचारा, औरंगाबाद काय कन्नडात आलंय का?"

"काकासाहेब, त्याला सांगा, फुलंब्रीच्या रस्त्याला लई फुफाटा हाय. मागं काच नाय. मानसाच्या नाकातोंडात धूळ जाईल. मला काळजी वाटती."

"काळजी वाटती म्हणतो," काकासाहेबांनी मान किंचित वळवून सांगितलं. काळजीच्या पायी होणारा उशीर खोळंब्यात धरावा की नाही याबद्दल त्यांचा निर्णय होईपर्यंत कन्नड मागं पडलं होतं.

फुफाटा या रस्त्यालाही होता. तो मागच्या भोकातून आत येई, बद्रीनाथवर बसे आणि तिथंच राही. वेरूळ येईपर्यंत बद्रीनाथ गव्हाच्या पिठात लोळवल्यासारखा दिसायला लागला. नानासाहेब खड्डा दिसला की गाडी हळू करत नसत. खड्डा नसला की हळू करत. कोणी काही म्हणालं तर जुनी गाडी आहे, जपावं लागतं, असं उत्तर त्यांनी तयार ठेवलं होतं, पण काकासाहेब झोपले होते.

शहराच्या जकात नाक्यावर शिपाई आडवा आला. त्यानं टपावरच्या वाटीकडं बघितलं, थोडा गोंधळला, आणि सरळ मागच्या खिडकीशी जाऊन पिठातल्या बद्रीनाथला सलाम केला.

"साहेब, काचेला काय झालं?"

"घरातल्याच मानसाचं काम," बद्रीनाथ म्हणाला.

"च्च," शिपाई म्हणाला, आणि पुढं येऊन बोनटवर हात आपटला. "ए ड्रायव्हर, गाडी कडेला घे. साहेबाला उन्हात ठेवतो काय?"

नानासाहेबांनी स्टेअरिंग असं आवळलं, की त्याला गळा असता तर ते मेलंच असतं. संध्याकाळ, ते मनाशी म्हणाले. फक्त संध्याकाळ होऊ दे.

शहरातल्या जिन्सी भागात कमरोद्दीनचं काचेचं दुकान. तिथं मोटारीच्या काचा लग्नाच्या पंगतीतल्या पत्रावळींसारख्या एकाला एक लावून ठेवलेल्या. कमरोद्दीननं मोटारीकडं बघितलं, भोकाकडं बघितलं, मग तिघांकडं बघितलं, आणि मागून उतरला तो मालक असणार हे ओळखून बद्रीनाथपुढं स्टूल सरकवलं.

"बैठो सेठ. काच हाय. लेकिन आदमी नाय. मजीद भांजीच्या लग्नाला जालन्याला गेलाय. उद्या या."

"उद्या?" बद्रीनाथ स्टुलावरून उठलाच.

"उद्याच बरं," नानासाहेब काकासाहेबांना म्हणाले. "घाईचं काम वाईट. चला, जेवून घेऊ."

"आज पायजे," बद्रीनाथ कमरोद्दीनला म्हणाला. "माझ्या बापाचं सीट जातंय."

कमरोद्दीनला यातलं काही कळलं नाही, पण बापाचं सीट जाणं ही वाईट गोष्ट असणार एवढं कळलं. त्यानं समजावून सांगितलं. या काचेला भोवती रबर असतं. रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं आणि काच बाहेरून भोकाला लावायची. मग एकानं गाडीत बसून दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. त्याच वेळेला बाहेरून काच दाबून धरायची आणि तळव्यांनी थापटत राहायचं. दोरी तो स्वतः ओढील. बाहेर मात्र दोन्ही कोपऱ्यांना एक एक माणूस पाहिजे. एकच कोपरा दाबला की दुसरा उचलतो, आणि काच जाते.

"एक कोपरा सेठका," कमरोद्दीन म्हणाला. "दुसरा..." त्यानं काकासाहेबांच्या पोटाकडं बघितलं, आणि नजर पुढं नेली. "ड्रायव्हर साब, जरा हात लावो."

"मी ड्रायव्हर नाय," नानासाहेब म्हणाले. "मी पुढचा मालक हाय. मागच्या भागाला मी हात लावत नाय. वाटणी झालीय आमची."

"गाडीची?"

"गाडीची."

कमरोद्दीननं वाकून मोटारीच्या मधोमध कुठं जोड दिसतो का बघितलं. "आमच्यात दोन भावांनी हवेली वाटली, जिना एकाला आला आन् माडी दुसऱ्याला," तो म्हणाला. "माडीवाला तीन साल शिडी घेऊन फिरला. लेकिन गाडी? तोबा."

"नाना," काकासाहेब स्टुलावरून म्हणाले. स्टूल आता त्यांच्याकडं आलं होतं. "हात लावला नाय, काच बसली नाय, तर तो खोळंबा कोनाचा?"

नानासाहेबांनी बाह्या सारल्या.

कमरोद्दीन आत शिरला. बाहेर काचेच्या डाव्या कोपऱ्याला थोरला, उजव्या कोपऱ्याला धाकटा. मध्ये साबणाचं पाणी. आतून दोरी सुटायला लागली, तसा नानासाहेबांनी आपल्या कोपऱ्यावर एक थाप मारली. त्यात काच बसवण्यापेक्षा जास्त जोर होता. बद्रीनाथनं त्याच्या कोपऱ्यावर त्याहून मोठी मारली. नानासाहेबांना कवठाची चटणी आठवली, त्यांनी दोन मारल्या. बद्रीनाथला कन्नडचा रस्ता आठवला, त्यानं तीन मारल्या.

"अरे ओ!" आतून कमरोद्दीन ओरडला. "काच हाय! एकमेकांचे गाल समजले काय? इथं फुटली तर दुसरी नाय माझ्याकडं!"

दुसरी नाही, हे शब्द नानासाहेबांच्या कानात शिरले आणि तिथं गोड वाजत राहिले. आता एक थाप. खरोखरची एक. मनगटातून नव्हे, खांद्यातून. मग मागचं सीट त्यांचं. जकात नाक्यावरचा सलाम त्यांचा. त्यांनी हात उचलला. तेवढ्यात काचेतून पलीकडं त्यांना कमरोद्दीनचा चेहरा दिसला. काचेपासून वीतभर अंतरावर, दातात दोरी धरलेला, डोळे वटारलेला. या माणसानं आपल्याला ड्रायव्हर म्हटलं असलं तरी त्याच्या तोंडावर काच फोडण्याइतकं काही ते नव्हतं. हात खाली आला तो हळूच आला. कोपऱ्यात फट् असा आवाज झाला, रबर पत्र्यावर चढलं आणि काच बसली.

"बढिया," कमरोद्दीन म्हणाला. "आता ऐका. आज दारं जोरात लावायची नाय. रबर ताजं हाय. दार आपटलं की आतली हवा काचेला मारती, काच सुटती. एकदम नाजूक."

यापुढं जे घडलं ते जिन्सीतल्या लोकांनी काम सोडून बघितलं. बद्रीनाथ रागात होता, पण त्यानं मागचं दार तान्ह्या पोराचा पाळणा थांबवावा तसं लावलं. नानासाहेबांच्या अंगाची आग होत होती. त्यांना दार असं आपटायचं होतं, की शहागंजातलं घड्याळ बंद पडावं. पण दार पुढचं, हवा सामाईक, आणि काकासाहेब बघत होते. त्यांनी दोन्ही हातांनी दार धरलं, दात खात, श्वास रोखून, टुक् एवढाच आवाज करत लावलं. आणि मग आत बसून दोन मिनिटं घाम पुसला.

गाडी निघणार तोच बद्रीनाथ उतरला. "काकासाहेब, त्याला म्हणावं थांब जरा. हा खोळंबा माझा, माझ्या नावावर धरा." शेजारी रेडियमचं दुकान होतं. तिथून एक माणूस काळ्या कागदाचं भेंडोळं आणि पट्टी घेऊन आला. बघता बघता नव्या कोऱ्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा कागद चढला, आणि त्यावर पिवळ्या रेडियमची अक्षरं उमटली. वितीएवढी, लांबून वाचता येतील अशी: बद्रीनाथ तात्यासाहेब, पिशोर.

नानासाहेब खाली उतरून ते नाव बघत उभे राहिले. गाडीच्या मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला, प्रत्येक बैलगाडीला आता कळणार होतं ही गाडी कोणाची. गाडी म्हणजे सगळी गाडी. पुढचं वेगळं, असं कोण वाचणार? आपणही पुढच्या काचेवर नाव टाकावं असं त्यांच्या मनात आलं, पण मग रस्ता कुठून बघायचा? ते पुढं येऊन बसले, सवयीनं वरच्या आरशात बघितलं, आणि आरसा काळा ठिक्कर.

"काकासाहेब! मला मागचं दिसत नाय! आरसा माझा हाय!"

"काकासाहेब," मागून शांत आवाज आला, "त्याला सांगा, आरसा त्याचा. आरशात दिसतं ते माझं."

काकासाहेबांनी डोळे मिटून विचार केला. निजामाच्या काळापासून आजवर अशी फिर्याद आली नव्हती. "दिसण्याची वाटणी झालेली नाय," ते शेवटी म्हणाले. "चला."

दिवस कलायला लागला होता. फुलंब्रीवरून गेलं असतं तर दिवेलागणीच्या बरंच आधी पारावर पोचता आलं असतं. म्हणूनच नानासाहेबांनी ती वाट घेतली नाही. फुफाट्याचं कारण आता चालणार नव्हतं. त्यांनी दुसरं काढलं.

"काकासाहेब, दौलताबादचे पेरू आलेत म्हणं. लई गोड. रस्त्यावर ढीग लागलेत."

काकासाहेबांचा न्याय पेरूपुढं नेहमीच थोडा वितळत असे. "लांब पडंल," ते म्हणाले.

"थोडं."

"थोडंच असलं तर घे."

पंचांनीच सांगितल्यावर खोळंबा पुढच्याचा कसा? नानासाहेबांना आपल्याच डोक्याचं कौतुक वाटलं. त्यांनी किल्ल्याखाली गाडी थांबवली, काकासाहेबांना एकेक पेरू हातात घेऊन, दाबून, वास घेऊन निवडू दिला, आणि घासाघीस चालू असताना अजिबात घाई केली नाही. मागून एकदोनदा "काकासाहेब, ऊन कुठं गेलं बघा" असं ऐकू आलं. काकासाहेबांचं तोंड भरलेलं होतं.

दौलताबाद सोडलं की घाटाच्या आधी रस्त्यावर जुन्या तटाचा दरवाजा आहे. हत्ती जावेत म्हणून बांधलेला. आता त्यातून एस.टी. जाते, आणि एका वेळेला एकच जाते. तिथली रीत अशी, की जो आधी आत शिरला त्याचा मान, दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. नानासाहेब मनातल्या मनात मागच्या सीटवर रेलून बसले होते. एक पाय दुसऱ्यावर टाकावा की दोन्ही पसरावेत याचा विचार चालला होता. त्या नादात त्यांनी समोर न बघताच गाडी दरवाज्यात घातली. समोरून घाट उतरून आलेली एस.टी. आधीच निम्मी आत आली होती.

भिडेखातर थांबतील ते नानासाहेब कसले. उरल्या जागेतून निघू म्हणून त्यांनी गाडी उजव्या अंगाला घुसवली. उजवं दार दगडी भिंतीला लागलं. डावं दार एस.टी.च्या चाकावरच्या पत्र्याला लागलं. मोटारीचं तोंड बाटलीत बूच बसावं तसं बसलं, आणि इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

एस.टी.चा ड्रायव्हर वरून डोकावला. "ओ ड्रायव्हर! डोळे कुठं गहाण टाकलेत? माझ्या मागं अख्खा घाट थांबलाय. घे मागं!"

"तू घे!"

"माझ्या मागं उसाच्या गाड्या हायत. तुझ्या मागं काय हाय?"

नानासाहेबांनी आरशात बघितलं. आरशात काळं होतं. आपल्या मागं काय आहे, हे त्यांना सांगता येईना.

"ऐकू येत नाय काय?" ड्रायव्हर ओरडला. "तुझा साहेब बघ कसा निवांत बसलाय मागं, पेरू खात. त्याला तरी इचार!"

"तो साहेब नाय!" नानासाहेब खिडकीत तोंड घालून किंचाळले. खिडकीबाहेर भिंत होती, त्यामुळं आवाज त्यांच्याच तोंडावर परत आला. "मी थोरला हाय! मी मालक हाय!"

"मग मालकासारखं मागं घे!" वरून उत्तर आलं, आणि एस.टी.तल्या बायाबाप्यांनी तोंडाला पदर, उपरणी लावली.

मागून कोणाचा तरी हॉर्न वाजत होता. ट्रक होता की टेम्पो, किती लांब, मध्ये माणसं होती की म्हशी, कळायला मार्ग नव्हता. नानासाहेबांनी दार ढकलून बघितलं. दार बोटभर उघडलं आणि भिंतीनं परत दिलं.

काकासाहेबांनी पेरूचं बी दातातून काढलं आणि कमानीतून दिसणाऱ्या उन्हाच्या तुकड्याकडं बघितलं. ऊन तटाच्या वरच्या दगडाला गेलं होतं. "नाना," ते म्हणाले, "पेरूचा उशीर माझा. त्याचं मी बघीन. पन ही गाडी आता पुढून अडकलीय. पुढं कोन? तू. हा खोळंबा तुझ्या नावावर जातोय. दिवे लागले की स्टेअरिंग बद्रीचं."

नानासाहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. स्टेअरिंगही जाणार. म्हणजे पुढचं गेलं, मागचं मिळालं नाही, आणि बद्रीला चालवता येईपर्यंत गाडी हाकायला कोण लागणार, तर तेच. मग खरोखरचे ड्रायव्हर.

"काकासाहेब, त्याला सांगा," ते घाईनं म्हणाले, "मागं बघ म्हणावं."

"मी नाय सांगत. सकाळपासून तुमचे निरोप पोचवून माझ्या मानेला रग लागली. मी पंच हाय, टपालखातं नाय."

"मग तुमीच बघा की जरा."

"पंचानं मागं बघायचं नसतं," काकासाहेब म्हणाले, आणि दुसरा पेरू उचलला.

मागच्या सीटवरून पेरू चावल्याचा आवाज आला. फार सावकाश, फार समाधानाचा. बद्रीनाथच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. गाडीचं तोंड तेवढं अडकलं होतं. त्याला खिडकीतून डोकं काढलं की सगळं दिसत होतं. तो काढत नव्हता.

नानासाहेबांनी स्टेअरिंगवर दोन्ही मुठी ठेवल्या आणि बोलायला सुरुवात केली. कोणाकडंही न बघता, कमानीच्या दगडांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"काकासाहेब, तुमी साक्षी हायत. हा किल्ला साक्षी हाय. मी तात्यासाहेबांचा थोरला. माझी मान कोनापुढं वाकली नाय आन् वाकनार नाय. गाडी इथं कुजली तरी चालंल. माझी हाडं या दरवाज्यात राहिली तरी चालतील. पन ज्यानं माझं कवठ खाल्लं, माझ्या आरशाला काळं फासलं, गाडीवर एकट्याचं नाव टाकलं, त्याच्याशी मी या जन्मात बोलनार नाय, पुढच्या जन्मात बोलनार नाय, आन् सरणावर ठेवल्यावर तो पानी पाजायला आला तर मी तोंड फिरवीन!"

एस.टी.चा हॉर्न वाजला. घाटावरून त्याला उसाच्या गाड्यांच्या बैलांनी गळ्यातल्या घुंगरांनी साथ दिली. मागचाही हॉर्न वाजला, जरा जवळून. उन्हाचा तुकडा तटावरच्या शेवटच्या दगडावर चढला.

नानासाहेबांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. गिअर मागं टाकला. क्लचवर पाय तसाच धरला. मग त्यांनी घसा खाकरला.

"बद्री," ते म्हणाले, "मागं कोनी हाय का, जरा बघतो का रे?"